सहा माणसांचा कॅमेरा

त्या दिवशी नवतप्याचं, म्हणजे मे अखेरच्या नऊ जाळत्या दिवसांचं, ऊन होतं. सकाळी नऊलाच जबलपुरातली दीक्षितपुऱ्याची आमची गल्ली तव्यासारखी तापली होती. लाइट गेलेली, सगळ्या घरांतले कूलर मुके, अन् लू अशी वाहून राहिली होती की माणसाच्या मिशा वाळाव्या. आम्ही तिघं डोक्यावर ओला गमछा टाकून तिवारीजींच्या ओट्यावर बसलो होतो. तिवारीजी म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेले माझे शेजारी. तिसरे देशकर मास्तर. शाळेतून निवृत्त झाले, पण शिकवणं सुटलं नाही.

मी जन्मभर घमापुरात पिठाची चक्की चालवली. शाळा पाहिली नाही. अक्षरं आली ती गिऱ्हाइकांच्या डब्यांवरची नावं वाचता वाचता. चक्की कितीही झाडा, दुसऱ्या दिवशी पीठ साठलेलंच असतं. ओट्यावरच्या किश्शांचं तसंच आहे. कोणी मुद्दाम आणत नाही, बसल्या बसल्या साठतात. यंदा सगळे कॅमेऱ्याचे साठले. लोक ऐकून हसतात. हसा बापहो. पण सांगताना मला अजून राग येतो, तो काही मी लपवणार नाही.

* * *

सुरुवात टीव्हीपासून झाली. आमच्या नितीननं, म्हणजे मुलानं, एका रविवारी आपला फोन टीव्हीला जोडला अन् आतापर्यंतच्या सगळ्या सहलींचे फोटो दाखवले. भेडाघाट, मैहर, अमरकंटक. सूनबाई, दोन्ही नातवंडं, मी, सगळे झकास दिसून राहिलो होतो. नितीनची आई खाली चटईवर शेंगा सोलत बसली होती अन् प्रत्येक फोटोला म्हणत होती, "छान आले, छान आले."

बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं. ती स्वतः कुठंच नव्हती.

"नित्या, तुझी आई कुठं आहे?"

"ही काय, बाबा." त्यानं भेडाघाटचा फोटो मोठा केला. उजव्या कडेला एक कोपर होतं. कोपर, हिरव्या बांगड्या अन् पिशवीचा बंद.

मैहरला कुठं होती? चपलांपाशी. अमरकंटकला? सामानापाशी. आमच्या घरची रीतच आहे. कुठंही जा, एकानं सामानापाशी बसायचं. अन् तो एक म्हणजे दरवेळी तीच.

"पण भेडाघाटचा फोटो तर कोण्या परक्या माणसानं काढला होता ना? मग त्यात काहून नाही?"

नितीनची आई शेंगांवरून मान वर न करता म्हणाली, "त्याच्या हातात आपला फोन होता. घेऊन पळाला असता म्हणजे? मी त्याच्या बाजूला उभी राहिली."

सगळे हसले. मी नाही हसलो. पोरांची शाळा उघडायच्या आधी पचमढीला जायचं ठरलेलं होतं. तिच्या गुडघ्यांचे फोटो पाहून डॉक्टर म्हणाला होता, ही एक सहल करून घ्या, यानंतर डोंगर-पायऱ्या बंद. म्हणजे तिच्या गुडघ्यांचे फोटो निघाले होते, तिचा नाही! मी तिथंच ठरवलं, पचमढीत एक तरी फोटो असा निघेल ज्यात ही बाई अख्खी असेल.

* * *

मी म्हटलं, कॅमेरा घेऊ. नितीन म्हणाला, "त्याला कॅमेरा कशाला, बाबा? आता कोण घेतं कॅमेरा? फोनमध्येच टायमर असतो. बटण दाबायचं, पळत जाऊन उभं राहायचं, फोटो आपोआप निघतो."

चांगली गोष्ट. गच्चीवर करून पाहिलं. फोनला उभं राहायला बूड नसतं, म्हणून कठड्यावर पितळी तांब्या ठेवला अन् फोन त्याला टेकवला. सगळे ओळीनं उभे राहिलो. फोन हळूच घसरला, मग तांब्या त्याच्यावर पडला. काचेवर कोळ्याचं जाळं.

नितीन माझ्यावर असा ओरडला की नातवंडं खाली पळाली. "माझं अख्खं ऑफिस आहे ना याच्यात!"

ज्यात अख्खं ऑफिस मावतं त्यात आई मावत नाही. मी तांब्या उचलून खाली आलो. त्या दिवशी मी जेवलो नाही.

* * *

तर नवतप्यातल्या त्या सकाळी मी ओट्यावर सांगितलं, मला कॅमेरा घ्यायचा आहे. फार महाग नको. घरच्यांचे अन् सहलीचे फोटो निघाले म्हणजे झालं.

देशकर मास्तरांनी गमछा काढून ठेवला. आता शिकवणार, हे मी ओळखलं.

"किती मेगापिक्सेलचा घेऊन राहिले?"

"सहा माणसांचा."

"तसं नसते हो. मेगापिक्सेल म्हणजे..." अन् मास्तरांनी लाइट येईपर्यंत मेगापिक्सेल सांगितले. मग झूमवर आले. "झूम पाहून घ्या, दादा. आजकाल असे कॅमेरे येतात की चंद्रावरचे खड्डे दिसतात."

"मास्तर, मला चंद्र नाही पाहायचा. मला आमच्या घरची पाहायची आहे. ती हातभर अंतरावर असते."

तिवारीजी इतका वेळ सुपारी कातरत होते. म्हणाले, "हातभर दूर है तो देख लीजिए न दादा, कैमरा काहे को?"

दोघं टाळ्या देऊन हसले. मी उठून घरी आलो. ऊन इतकं, की लोकांना वाटलं मी उन्हानं उठलो.

* * *

मग एका मोठ्या शोरूमात गेलो. आत एसी, काचेची कपाटं, टाय घातलेला विक्रेता. त्यानं माझे पाय पाहिले, मग चेहरा.

"बाबूजी, यूज क्या है? व्लॉगिंग, वाइल्डलाइफ?"

मी म्हटलं, भैया, घरचे लोक आहेत. मला असा पाहिजे की जो काढेल तोही त्यात आला पाहिजे, अन् जी सामानापाशी बसते तीही.

त्याला काही समजलं नाही. त्यानं एक काळा, जडशीळ कॅमेरा माझ्यासमोर ठेवला अन् किंमत सांगितली. मी खुर्चीत सावरून बसलो. मग पाहतो तर पुढं नुसतं भोक.

"याची काच कुठं गेली?"

"लेंस अलग से आएगा, बाबूजी. ये सिर्फ बॉडी है।"

म्हणजे हे लोक डोळे काढून कॅमेरा विकतात. अन् वर म्हणतात हप्ते पाडून घ्या. मी चक्कीवर गहू घेऊन कोणाला सांगितलं असतं की दळून देतो, पण पीठ अलग से आएगा, तर घमापूरच्या बायांनी मला चक्कीसकट उचलून फेकलं असतं. इथं लोक रांगेत उभं राहून हेच ऐकून घेतात अन् थँक्यू म्हणतात.

निघताना तो म्हणाला, "बाबूजी, आप तो सेल्फी स्टिक ले लो।"

मी आयुष्यात काठीला पुष्कळ वेळा हात लावला असेल, पण माणसावर उगारावीशी तेव्हाच वाटली.

* * *

शेवटी घमापुरातच गेलो. चक्कीच्या समोरच्या बोळीत एक घड्याळं अन् मोबाइल दुरुस्त करणारा आहे. तो जुने डिजिटल कॅमेरेही ठेवतो, छोटे, खिशात मावणारे. माझ्या आधी कॉलेजच्या दोन मुली तिथं उभ्या. दोघींनी एकेक जुनाट कॅमेरा घेतला अन् उड्या मारत गेल्या.

मी विचारलं, काय भानगड आहे? याचं आता काय काम?

"दादा, आजकल इसी का फैशन है। फोटो जरा धुंधली आती है न, बच्चों को वही पसंद है।"

आत्ताच दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आलेला माणूस मी. त्याला म्हटलं, "मला फॅशन नको. साफ दिसणारा दे, नाहीतर चाललो."

मग मी माझ्या पद्धतीनं पाहिलं. एक, टायमर आहे का. दोन, आपल्या बुडावर सरळ उभा राहतो का. हे मी काउंटरवर ठेवून, काउंटरला धक्का देऊन पाहिलं. तीन, बॅटरी जबलपुरात मिळते का. झूम विचारला नाही, मेगापिक्सेल विचारले नाही. चांदीच्या रंगाचा एक निघाला. त्यानं नवी बॅटरी अन् कार्ड टाकून दिलं. शोरूमवाला कॅमेऱ्याच्या नुसत्या पिशवीचे जेवढे सांगत होता, त्याच्या आसपास पडला. टायमर लावला की पुढं लाल दिवा लुकलुकतो, अन् दिवा थांबला की फोटो.

देशकर मास्तर पाहून म्हणाले, "फसवलं तुम्हाला."

मी म्हटलं, "फसवू द्या. याला डोळा तर आहे."

* * *

गच्चीवर पुन्हा सगळ्यांना उभं केलं. पाण्याच्या टाकीवर कॅमेरा ठेवला. उभा राहिला. बटण दाबलं, लाल दिवा लुकलुकायला लागला, मी येऊन रांगेत उभा राहिलो. अन् नितीनची आई रांगेतून निघाली अन् सरळ टाकीकडं चालू लागली.

"अगं, कुठं चालली?"

तिनं हात पुढं केला अन् फोटो निघाला.

"काहून गेली तू?"

"तो तिथं एकटाच होता. कोणी उचलून नेला म्हणजे?"

"आपल्या गच्चीवरून? कोण नेते?"

"नवी वस्तू आहे," ती म्हणाली. "नजर पाहिजे."

पुन्हा लावला. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा सूनबाईनं तिचा हात धरला, तर हिनं सूनबाईलाच पाठवलं, जा बाई, तू लक्ष ठेव. सगळे पोट धरून हसून राहिले, अन् माझं डोकं तापून राहिलं. इतकी वर्षं एका बाईला सामानापाशी बसवा, अन् मग म्हणा ये फोटोत. ती कशी येईल?

संध्याकाळी मी तो फोटो मास्तरांना दाखवला. पूर्ण फोटोभर तिचा उजवा तळहात. बाकी काही नाही.

मास्तरांनी चष्मा वर करून नीट पाहिला. "हातावरच्या रेषा मात्र एकेक आल्या आहेत," ते म्हणाले. "मेगापिक्सेल चांगले आहेत हो."

* * *

पचमढीला पिपरिया स्टेशनाहून जीपनं गेलो. हवा थंड, पोरं खूश. एका पॉइंटवर पोचलो, खाली दरी, मागं निळे डोंगर. नितीन म्हणाला इथं काढू. अन् मी वळून पाहतो तर नितीनची आई झाडाखाली दगडावर बसून गेलेली. चारी बाजूंनी पिशव्या, पुढं चपलांची रांग, मांडीवर पाण्याच्या बाटल्या. कोणी सांगितलंही नव्हतं.

"चल, ऊठ."

"तुम्ही काढा न. मी आहे इथं."

"तू इथं नको आहेस. तू तिथं पाहिजे."

"अन् सामान?"

मी माणसांत कधी आवाज चढवला नाही. चक्कीच्या आवाजात दुसऱ्याचा आवाज ऐकायची सवय, आपला चढवायची नाही. पण त्या दिवशी चढला. जीपवाले, दुसऱ्या सहलीचे लोक, सगळे वळून पाहायला लागले.

"काय आहे त्या पिशवीत? दशम्या आहेत अन् लोणचं आहे. जाऊ दे दशम्या. सगळं सामान जाऊ दे दरीत. सोनं नाही बांधून आणलं तू त्यात. ऊठ म्हणतो ना!"

सूनबाईनं तोंडाला पदर लावला. नितीननं खाली पाहिलं. आई उठली. मी बाटल्या तिच्या हातातून घेऊन दगडावर ठेवल्या अन् तिला मधोमध आणून उभं केलं. नितीननं कॅमेरा समोरच्या कठड्यावर ठेवला, बटण दाबलं अन् पळत आला. मी तिचं मनगट घट्ट धरलं होतं. फोटो पाहून लोकांना वाटतं म्हातारपणी किती प्रेम. ते प्रेम नाही, बंदोबस्त आहे.

लाल दिवा लुकलुकत होता. तिचं मनगट एकदम ताठ झालं.

"अहो, पिशवी! ते बघा, माकड!"

मी म्हटलं, "हलू नको." अन् फोटो निघाला.

माकड दशम्यांची पिशवी घेऊन झाडावर गेलं. लोणच्याची बाटली त्यानं वरून फेकली. पोरं ओरडली, नितीन मागं पळाला, काही उपयोग नाही. मग सगळ्यांनी कॅमेऱ्यात पाहिलं. आम्ही पाच जण शहाण्यासारखे समोर पाहून राहिलो, अन् मधोमध ती, तोंड उघडं, एक हात पुढं, डोळे मोठे, डोक्यावरचा पदर उडालेला. पायांच्या बोटांपर्यंत अख्खी.

"पुसा बरं तो," ती म्हणाली. "कशी दिसून राहिली मी. भांडखोर."

नितीन म्हणाला, "हो बाबा, डिलीट करतो, दुसरा काढू."

मी कॅमेरा त्याच्या हातून काढून घेतला अन् खिशात टाकला. म्हटलं, याला जो हात लावील त्यानं पायी जबलपूरला जावं. दुसरा फोटो मी काढू दिला नाही.

तो मोठा करून घेतला. बैठकीत लावला, दार उघडलं की समोर. माझ्या मनासारखा तेवढा एकच फोटो आहे आमच्या घरात. दुसऱ्या दिवशी तिवारीजी चहाला आले. माकडाचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, भिंतीजवळ जाऊन एकेकाचा चेहरा पाहिला, बोटानं मोजलं, पुन्हा मोजलं. नितीनची आई चहाचा कप घेऊन दारात उभी होती. मग ते माझ्याकडं वळले.

"दादा, सब के सब तो यहाँ खड़े हैं। फिर सामान के पास कौन बैठा था?"