वनिताताईंची बोअर आणि गावाची विहीर

वनिताताईंच्या पंपाचा फ्यूज कुणीतरी काढून नेला होता. आणि मला टेस्ट त्याच पंपावर घ्यायची होती.

सरकारी खात्यासाठी भूजल मोजणं हे माझं काम. गाव भिवंडीजवळच्या दापोड्याच्या पुढे, आत. नाव सांगत नाही, माणसं अजून तिथेच राहतात. गावाला एक जुनी विहीर. पूर्वी सगळे पाळीने तिच्यावर भाजी पिकवत, बायका पिण्याचं पाणीही तिथूनच नेत. मग एकेकाने बोअर मारली. पाळी संपली. भेंडी-काकडीचे टेम्पो कोन गावावरून कल्याणच्या बाजारात जाऊ लागले. चार पैसे आले, पण बांधावरचं बोलणं कमी झालं. आणि त्या वर्षी उन्हाळा लागतानाच विहीर आटायला आली.

सगळ्यात शेवटी बोअर मारली होती वनिताताईंनी. नवऱ्याचा भिवंडीतला कापडाचा लूम बंद पडला, तेव्हा. त्यामुळे दोष त्यांच्यावर आला.

"हिची बोअर झाली आन् हिरीचं पानी गेलं," सरपंच नाना म्हणाले. "ती बुजवायची हाय. तुमी फकस्त सही करा."

"सही टेस्टनंतर. आणि फ्यूज नसेल तर टेस्ट होणार नाही."

थोड्या वेळाने फ्यूज परत आला. कुणी आणला ते मी विचारलं नाही.

पम्पिंग टेस्ट सोपी असते. एक पंप सलग चालवायचा, बाकी सगळे बंद ठेवायचे आणि विहिरीत टेप सोडून पाणी किती उतरतं ते बघायचं. भेंडी ऐन तोडणीला आलेली, त्यात पंप बंद, त्यामुळे लोक चिडलेले. वनिताताई शेडच्या दारात उभ्या होत्या. हातातला विळा त्यांनी खाली ठेवला नव्हता.

त्यांचा पंप दुपारपर्यंत चालला. विहिरीतलं पाणी उतरलं नाही. उलट बोटभर वर आलं.

"टेप बिघडलाय," मागून कुणीतरी ओरडलं.

मी टेप यमुनाबाईंच्या हातात दिला. या नानांच्या भावजय. त्यांनी वाकून आकडा वाचला, पुन्हा वाचला.

"वरच येतंय," त्या म्हणाल्या.

"आता हा पंप बंद करा," मी म्हटलं. "नाना, तुमची बोअर चालू करा."

"माजा काय संबंध?"

"तुमची बोअर विहिरीच्या सगळ्यात जवळ आहे. आणि सगळ्यात जुनी."

तेवढ्यात दोन मोटरसायकली आमच्या जीपला आडव्या लागल्या. ड्रायव्हर कानाशी येऊन म्हणाला, "मॅडम, निकलते हैं." मी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "आहे तेवढं रीडिंग घ्या आणि निघा. तिथे निकाल देऊ नका." निघायचं कुठून? भोवती माणसंच माणसं.

यमुनाबाईंनी टेप माझ्याकडे दिला आणि सरळ नानांच्या पंपाकडे चालू लागल्या.

"वहिनी, हात लावू नका!"

"डोक्यावर हंडा मी वाहते, भाऊजी. तुमी न्हाय."

त्यांनी स्टार्टर दाबला. वहिनीच्या अंगाला कोण हात लावणार? नाना जागच्या जागी उभे राहिले. पाणी उतरू लागलं. या वेळी टेपची गरजच पडली नाही. विहिरीच्या आतल्या कडेवर पाणी उतरल्याचा ओला पट्टा सगळ्यांना दिसत होता.

कारण खडकात होतं. वनिताताईंचं शेत आणि विहीर यांच्या मध्ये जमिनीखाली काळ्या दगडाची उभी भिंत आहे. आम्ही तिला डाईक म्हणतो. इकडचं पाणी तिकडे जात नाही. विहीर आणि नानांची बोअर मात्र एकाच बाजूला, एकाच भेगेवर. त्या बाजूच्या बाकी बोअरही तिथूनच ओढत होत्या, म्हणूनच त्या बंद ठेवल्यावर पाणी वर आलं होतं.

मी तसाच रिपोर्ट दिला. वनिताताईंची बोअर राहिली. विहिरीकडच्या बोअर पाळीने चालवायचं ठरलं, कुरकुरत का होईना पाळलंही गेलं. पुढे त्या बाजूच्या बऱ्याच जमिनींवर गोदामं उभी राहिली. यमुनाबाईंची चूल मात्र त्याच उन्हाळ्यात वेगळी झाली. त्याबद्दल रिपोर्टमध्ये लिहायला रकाना नव्हता.

विहीर आटली की गाव सगळ्यात नव्या बोअरकडे बोट दाखवतं. तेव्हापासून मी टेस्ट सगळ्यात जुन्या बोअरपासून सुरू करते. आणि जीप आधीच वळवून, रस्त्याकडे तोंड करून ठेवायला सांगते.