आईचं जन्मगाव

भावानं जातीबाहेर लग्न केलं आणि तो बंगलोरला गेला, तेव्हापासून अण्णा त्याची पत्रं परत पाठवायला लागले. अण्णा म्हणजे आमचे वडील. पोस्टमन दारात आला की चष्मा लावून पाकिटावरचं अक्षर बघायचे, आणि ते भावाचं असलं की न उघडता पोस्टमनच्याच हातात परत द्यायचे. सोनईच्या शाळेत उभा जन्म मास्तरकीत गेलेला. एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी त्याचं हो व्हायचं नाही. आई आधीच गेली होती. आता शहरात, सावेडीतल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच, आणि हट्टीपणात मीही काही त्यांच्या मागे नव्हते.

मला माझा भाऊ हवा होता. हे तेव्हा अण्णांच्या तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून आता लिहिते आहे. मी एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून होते. तिथल्या पत्त्यावर पत्रं मागवावीत, तर आमचा शिपाई पाकीट टेबलावर टाकण्याआधी पाठवणाऱ्याचं नाव सगळ्यांना वाचून दाखवायचा. घरचा फोन अण्णा उचलायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या रस्त्यावर एक सायबर कॅफे निघाला होता. भावानं माझ्या एका मैत्रिणीकरवी निरोप धाडला, ईमेल उघड.

कॅफेवाला सोनईचाच, अण्णांच्या हाताखाली शिकलेला. फुकट ईमेल देणाऱ्या दोन-तीन कंपन्या त्याला माहीत होत्या. साडीचा रंग जाईल का विचारावं तसं मी त्याला विचारलं, "यातली पक्की कोणती? कुणी वाचणार नाही अशी?"

"समद्या सारख्याच, ताई. पासवर्ड तुमच्यापाशी हाय, मग कोन वाचतंय? फक्त इसरलात तर कंपनी एक प्रश्न इचारती. त्याचं उत्तर तुमालाच ठाऊक पायजे."

प्रश्नांची यादी समोर आली. त्यातला एक होता, आईचं जन्मगाव. मी 'राहाता' असं उत्तर भरलं. ही असली माहिती कुठल्या देशात गुपित असते देव जाणे. आमच्याकडे पाहुण्यानं पाण्याचा तांब्या खाली ठेवायच्या आत त्याचं आजोळ विचारून होतं. पण त्या घटकेला मला काहीच खटकलं नाही. दाराला कुलूप घातल्यासारखी मी निर्धास्त घरी आले.

मग दर शनिवारी भावाचं पत्र. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, वाचताना दातात खडा आल्यासारखं व्हायचं, पण मी एकेक ओळ दोनदा वाचायची. वहिनीला पिठलं जमायला लागलं होतं. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच प्रश्न असायचा, अण्णांची शुगर कशी आहे?

काही महिन्यांनी एका शनिवारी पासवर्ड चालेना. कंपनीच्या प्रश्नाला 'राहाता' लिहून मी नवा केला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. "सर्वरचा प्रॉब्लेम असंल," कॅफेवाला कीबोर्डवरची धूळ फुंकत म्हणाला. एरवी हा माणूस कधी धूळ झटकायचा नाही.

आणि मग ते पत्र आलं. न वाचलेलं पत्र यादीत ठळक अक्षरांत दिसायचं. हे साध्या अक्षरांत होतं. म्हणजे माझ्याआधी कुणीतरी उघडलेलं. आत बातमी होती, भावाला मुलगी झाली. माझ्या भाचीची बातमी कुणा परक्यानं माझ्याआधी वाचली, याचा मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं.

"दुसरी कंपनी सांग," मी कॅफेवाल्यावर खेकसले. "जिथे प्रश्न आपला आपण लिहिता येतो अशी." त्यानं निमूटपणे शोधून दिली. मी असा प्रश्न घातला की त्याचं उत्तर पोटच्या पोरालाही आलं नसतं. भावाला नवा पत्ता कळवला, जुन्यावर लिहू नकोस म्हणून बजावलं. आता बघू कोण वाचतं ते, असं मोठ्यानं म्हणूनच मी बाहेर पडले.

त्यानंतर अण्णांचं जेवण कमी झालं. पेपर मांडीवर तसाच राहायचा. मी डॉक्टर बदलला. दीडेक महिन्यानं कॅफेवाल्यानं मला कॅफेच्या दारातच गाठलं.

"ताई, शिव्या घाला पन ऐका. तुमची पत्रं वाचनारं दुसरं कुनी न्हवतं. गुरुजी हुते."

"अण्णा?" मी विचारलं.

"दर मंगळवारी यायचे, तुमी ऑफिसात गेल्यावर. तुमी इथं येता ते त्यांना कळलं हुतं. पासवर्ड न्हवता, म्हनून प्रश्न आला, त्यांनी उत्तर सांगितलं. तुमाला सांगायचं न्हाई म्हनले. गुरुजींना न्हाई म्हनायची माझी काय टाप? नातीचं पत्र तीनदा वाचलं. म्हनले, छापून दे. मग म्हनले, र्‍हाऊ दे, घरात कुठं ठेवू?"

"आणि आता?"

"आताबी येत्यात. जुनं खातं उघडत्यात, रिकामंच असतंय. मागच्या मंगळवारी म्हनले, थकला पोरगा. मीच थकवला त्याला."

मला त्याचा राग आला, अण्णांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या पक्क्या कुलपाचा आला. आत जाऊन मी नव्या खात्यातली सगळी पत्रं छापून घेतली. सात निघाली.

अण्णा खुर्चीत बसले होते. मी कागद त्यांच्या मांडीवरच्या पेपरवर ठेवले. त्यांनी चष्मा लावला. मला वाटलं, परत करतील. त्यांनी आधी मजकूर वाचलाच नाही. एकेका कागदाच्या वरची तारीख बघत गेले, बोट टेकवून, पहिल्यापासून सातव्यापर्यंत. एकही आठवडा चुकला नव्हता.

"म्हणजे तो लिहीत होता," अण्णा म्हणाले.

मग चष्मा काढून त्यांनी कागद माझ्या हातात दिले, आणि मी पहिलं पत्र मोठ्यानं वाचायला घेतलं.