दोघं एकदम शेडमध्ये नको

आमच्या घरात एक नियम होता. टेस्ट चालू असताना दोघांनी एकदम शेडमध्ये थांबायचं नाय. एक आत तर एक बाहेर, गेटपाशी. मुलगी दीड वर्षाची, तिला खालच्या मजल्यावरच्या मावशींकडे ठेवून आमी दोघं ऐरोलीवरून एकाच कामावर येतो, आणि मावशी कितीही चांगल्या असल्या तरी त्या मावशीच ना. हे मीच लावून धरलं होतं. आमचे हे हसायचे. "बॅटरी आहे ती, बॉम्ब नाय," म्हणायचे. पण ऐकायचे.

शेड म्हणजे एमआयडीसीतला पत्र्याचा गाळा. तिथं जोरात पळणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्या येतात, आणि त्यांची बॅटरी एका दमात जास्तीत जास्त किती ताकद सोडते ते मोजतात. गाडी रोलरवर चढवायची, पट्ट्यांनी जमिनीतल्या हुकांना आवळायची, म्हणजे चाकं गरागरा फिरतात पण गाडी जागची हलत नाय. आमचे हे आत बसून पॅडल दाबतात. साहेब कॉम्प्युटरवर करंट बघतात. मी झाडू मारते, पट्टे आणून देते, आणि नारंगी, म्हणजे जास्त करंटच्या वायरला हात लावायचा नाय हे मला पहिल्याच दिवशी शिकवलंय. अजून एक माणूस लाल बटणावर असतो. त्याच्यासमोर छोटा स्क्रीन, त्यावर बॅटरीची गरमी दिसते. आकडा पंचावन्नला गेला की बटण दाबायचं, पॉवर कट.

त्या दिवशी तोच माणूस तापानं पडलेला. गाडीचा मालक संध्याकाळी गाडी न्यायला येणार. साहेब, वयानं आमच्याएवढेच, माझ्याकडे वळून बोलले, "वहिनी, आकडे वाचता येतात ना?"

"येतात, पण..." मी ह्यांच्याकडे बघितलं.

"दहा सेकंदाचं तर काम आहे," हे गाडीत बसत बसत बोलले.

"आपलं ठरलंय ना पण?"

"मग माणूस कुठून आणू आता? अडून नको बसूस."

मी बटणावर हात ठेवला. हात घामानं ओला, तो ड्रेसला पुसला, परत ठेवला. साहेबांनी तीन बोटं दाखवली, दोन, एक, आणि ह्यांनी पॅडल दाबलं.

इंजिनाची गाडी ओरडते तरी. कळतं कधी जास्त होतंय ते. ह्या गाडीला तोंडच नाय. नुसते रोलर घुमायला लागले, जमीन पायाखालून थरथरली, पट्टे ताठ झाले, आणि गाडीच्या पोटात कुठंतरी टक झालं. मी बटण दाबलं.

सगळं थांबलं. साहेबांनी मान वर केली. "काय झालं? कितीवर गेला?"

"आकडा नाय बघितला. टक झालं."

"अहो वहिनी, ते रिले असतं, करंट जोडायचा खटका. नेहमी होतं."

हे खिडकीतून डोकं काढून, "साहेब, घरी पण असंच आहे. माझं बोलणं निम्म्यातच कट करते."

साहेब हसले, मला हसू आलं नाय. ती टेस्ट फुकट गेली. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तरच तिचा खरा जोर कळतो, म्हणून गाडी परत चार्जिंगला लावली. मी मावशींना फोन लावला. पोरगी वरणभात खाऊन झोपली होती. "टेन्शन नको घेऊस गं, तुझी तू जेव," मावशी म्हणाल्या. डबा उघडला नि तसाच बंद केला. साहेब सारखे घड्याळ बघत होते. चार्जिंगची केबल काढली तेव्हा स्क्रीनवरचा आकडा सकाळपेक्षा वरच होता, मी बोलले तसं, तर म्हणाले, "चार्जिंगनं तापते थोडी. पंचावन्नपर्यंत जागा आहे अजून."

दुसऱ्यांदा मी कानाकडे लक्षच द्यायचं नाय असं ठरवलं. नुसता आकडा. रोलर घुमले. टक झालं, होऊ दे. बावन्न. त्रेपन्न. काचेच्या आत ह्यांची मान मागं दाबलेली दिसत होती. चोपन्न. बोट बटणावर, आणि दाबायचं नाय, दाबायचं नाय, आत माझा नवरा बसलाय नि मी दाबायचं नाय!

"बस!" साहेब ओरडले. ह्यांनी पाय काढला. रोलर मंदावले. झालं, असं मला वाटलं, आणि पंचावन्न झाले.

पॅडल तर सोडलेलं होतं. मी बघत राहिले. छप्पन्न.

"वहिनी, दाबा! दाबा!"

दाबलं. चाकं थांबता थांबता सत्तावन्न झाले. साहेबांनी शटर पूर्ण वर केलं आणि ओरडले, "उडी मारून बाहेर या! दोन्ही पाय जोडून!" गाडीत करंट उतरला असेल तर एक पाय गाडीत नि एक जमिनीवर ठेवायचा नसतो, असं ह्यांना आधी शिकवलेलं. ह्यांनी दार ढकललं नि बेडकासारखी उडी मारली. कधी बेडूक बघून मला येवढं बरं वाटलं नसेल.

आमी तिघं बाहेर, समोरच्या भिंतीशी. उघड्या शटरमधून स्क्रीन दिसत होता. सत्तावन्न. धूर नाय, वास नाय, काय नाय. आमचे हे म्हणाले, "मोठा पंखा लावून येतो, लवकर उतरेल," आणि निघालेच.

मी त्यांचा शर्ट मागून धरला. "तू जायचं नाय आत!"

साहेबांसमोर मी त्यांना कधी अरेतुरे केलं नव्हतं. हे थांबले. शर्टाचं वरचं बटण तुटून खाली पडलं.

"कुकरचं कसं, गॅस बंद केला तरी एक शिट्टी होते," साहेब हळू आवाजात बोलले. "आतली गरमी बाहेर यायला वेळ लागतो. मीच घाई केली. अजून थंड होऊ द्यायला हवी होती."

सत्तावन्न. सत्तावन्न. मग छप्पन्न झाले, नि मी खालीच बसले. आमचे हे काय विचारतात, तर, "साहेब, जोर किती आला?" चांगला आला होता म्हणे. ह्यांचा चेहरा असा खुलला की पोरगी पहिल्यांदा चालली तेव्हाच तसा बघितलेला. मला त्यांच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

आकडा बराच उतरल्यावर पट्टे सोडायला कोणीतरी आत जायला पाहिजे होतं. त्या दोघांनाच ते जमतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, ह्या वेळी हसले नायत. "तू गेटपाशी जा. नियम आहे ना आपला."

गेले मी. गेटपाशी चहावाला होता, टेम्पो होते, ऊन होतं. तिथून शेडचं शटर दिसत होतं, पण आतलं काय दिसत नव्हतं, कुठला आकडा नाय, कुठलं बटण नाय. आत असताना निदान बोट तरी कुठंतरी ठेवलेलं होतं. इथं दोन्ही हात रिकामे. चहावाला म्हणाला, "ताई, पाणी देऊ का?" मी शटरकडेच बघत होते.

हे हात काळे करून बाहेर आले, शर्टाचा गळा उघडा. आमी रिक्षात बसलो. सोसायटीच्या गेटजवळ आल्यावर ह्यांनी विचारलं, "पुढच्या आठवड्यात अजून एक गाडी आहे. साहेब विचारत होते, बटणावर वहिनी येतील का. काय सांगू?"

मी म्हटलं, "पोरीला मावशींकडून घेऊन येते आधी, मग सांगते."