कलम नऊची कार्बन प्रत

टायपिस्ट ताईंचा हात असा बसलेला, की बोटं मशीनवर आणि ओठांवर देवाचं नाव, दोन्ही एका लयीत चालायची. परके राज्यकर्ते गेले आणि शेजारची तीन छोटी राज्यं मिळून एक देश करायचं ठरलं, तेव्हा करारनामा त्यांच्याच टेबलावर आला. त्यांच्या राज्यातर्फे सही करणार होता त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, शाळेतला मास्तर. त्याची एकच अट होती: आमचं कोर्ट आमच्याच शहरात राहील. तेच कलम नऊ.

सहीच्या दिवशी सकाळी होऊ घातलेले पंतप्रधान स्वतः टेबलाशी आले. "बाई, नऊ गाळा, दहाला नऊ करा. सगळ्यांशी बोलणं झालंय."

"मास्तरांशीही?" ताईंना एवढंच विचारायचं होतं. पण एवढ्या मोठ्या माणसावर शंका कशी घ्यायची? ताईंनी चौथं पान नव्याने टाईप केलं. जुन्या पानाची कार्बन प्रत मात्र फाडवेना. ती प्रार्थनेच्या पुस्तकात गेली.

सभागृहात कुणीतरी म्हणालं, "मास्तर, एकदा वाचून घ्या."

"ताईने टाईप केलंय," भाऊ पेन उघडत म्हणाला. "तिच्या कागदात चुका काढल्या तर जेवायला कोण घालेल मला?"

सगळे हसले. ताईंनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

सहा वर्षांनी कोर्ट राजधानीत हललं. मास्तर कलम नऊ, कलम नऊ करत दारोदार फिरला. लोकांनी छापील करारनामाच त्याच्या नाकासमोर धरला. "आम्हाला विकून बसलात, आता कलमं कसली शोधताय?"

एका दुपारी जेवताना तो म्हणाला, "ताई, मला भ्रम तर झाला नसेल ना गं? शाळा सोडावी म्हणतोय. डोक्याचा भरवसा राहिला नाही."

सहा वर्षं ताई देवाकडे क्षमा मागत होत्या, आणि जिच्यावर अन्याय केला ती व्यक्ती रोज समोर बसून जेवत होती.

त्या उठल्या. कार्बन प्रत त्याच्या ताटाशी ठेवली आणि मशीनवर बसून घडलं ते सगळं टाईप केलं, पंतप्रधानांचं आणि स्वतःचंही. खाली सही केली.

"उद्या वर्तमानपत्रात देते. साक्षीदार म्हणून तू सही कर."

त्याने पेन घेतलं, मग खाली ठेवलं.

"चष्मा दे माझा," तो म्हणाला. "आधी वाचतो."

एकेका ओळीखाली बोट ठेवत तो वाचू लागला. ताई शेवटच्या ओळीपर्यंत उभ्याच होत्या.