छज्ज्याखालचा पट्टा

रंगारीदादांना रविवारी भेटणारे लोक 'शेडकार्ड', म्हणजे रंगांच्या नमुन्यांचा तक्ता, म्हणत. त्याचं असं झालं, की गावातल्या निसर्ग मंडळाच्या खोलीला रंग द्यायचं काम त्यांना मिळालं होतं. काम संपल्यावर उतरवून ठेवलेली पक्ष्यांची चित्रं परत टांगताना ते एकेका चित्रापाशी इतके रेंगाळले, की मंडळ चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, रविवारी या आमच्याबरोबर. खरेच पक्षी दाखवते." या डॉक्टरीणबाई जनावरांच्या. दादा गेले आणि मग जातच राहिले.

पक्ष्यांची नावं काही त्यांच्या डोक्यात टिकत नसत. कुठला चंडोल आणि कुठली चिमणी यात दरवेळी गोंधळ. पण दुर्बीण डोळ्याला लावली की ते सांगत, "पाठ बदामी, पण रंगाचा एकच हात मारलाय. पोटाला नुसतं प्रायमर." सगळी मंडळी हसत, तेही हसत. घरी बायको म्हणे, "सहा दिवस भिंती बघता, सातव्या दिवशी झाडं. माझ्याकडे कधी बघणार?"

रंगाचा धंदा दादा आणि त्यांचा धाकटा भाऊ मिळून करत. धाकटा हिशेबी, एक घाव दोन तुकडे करणारा. त्यानंच मोठ्या रस्त्यावरच्या चार मजली घराचं काम धरलं. मालकीण इस्पितळातून निवृत्त झालेली परिचारिका. आख्खी गल्ली तिला 'सिस्टर' म्हणे. नाकावर माशी बसू न देणारी बाई. बांबूची परांची चढली, भिंती खरवडून झाल्या, भेगांत लांबी भरून झाली. दादा सगळ्यात वरच्या फळीवर गेले आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

छज्ज्याखाली पाकोळ्यांची वसाहत होती. पिसं, काड्या आणि थुंकी यांनी चिकटवलेली घरटी, एकाला एक खेटून. आतून चिरचिर ऐकू येत होती. पिल्लं होती.

"काय झालं दादा?" खालून धाकट्यानं विचारलं.

"ओल आहे रे इथं. वाळू दे जरा."

दोन-तीन दिवस ओलीवर निभावले. मग धाकटा स्वतःच वर चढून आला, घरटी पाहिली आणि भावाकडे पाहिलं. "ताकाला जाऊन भांडं लपवतोस होय! झाडूचे दोन फटकारे मारले की झालं. पुढचं काम खोळंबलंय आपलं."

"पिल्लं उडेपर्यंत थांबू. महिनाभराचा प्रश्न आहे."

"महिनाभर? परांची काय पाखरांना झोके घ्यायला बांधलीय?"

भांडण वाढलं. दादांनी झाडू हातात घेतला नाही, आणि भावालाही घेऊ दिला नाही. धाकट्यानं बाकीचं घर रंगवून घेतलं, रागाच्या भरात परांची सोडवली, पुढच्या कामावर नेली आणि बोलणं टाकलं. दोघं एकाच घरात, एक वर आणि एक खाली राहत; जिन्यात समोरासमोर आले तरी मूग गिळून बाजूला होत.

आता सिस्टरना सांगणं भाग होतं. बाकी घर रंगवून झालं होतं आणि छज्ज्याखाली जुना, पोपडे आलेला पट्टा तसाच होता.

"हे काय? तोंड धुतलं आणि कपाळ राहिलं?" सिस्टर म्हणाल्या.

दादांनी खरं ते सांगितलं.

"माझे धुतलेले कपडे घाण करतात ती. मला नकोत."

"खाली फळी ठोकून देतो बाई. एक थेंब पडणार नाही. एकदा वरच्या खिडकीशी येऊन बघा तरी."

"या गुडघ्यांनी? वर गेले तर तुम्हीच खाली आणाल मला, खुर्चीत घालून."

दादा डॉक्टरीणबाईंकडे गेले. दुसऱ्या दिवशी मंडळाची मोठी दुर्बीण तिवईसकट समोरच्या शिंप्याच्या दुकानात उभी राहिली. शिंप्यानं मशीन सरकवून जागा केली. सिस्टर रस्ता ओलांडून आल्या, कुरकुरत बसल्या आणि आपल्याच घराच्या कपाळाकडे बघू लागल्या. दुर्बिणीवरून डोळा हलवला नाही. मग म्हणाल्या, "तोंडं तर बघा केवढी उघडतात! औषध पाजायला बरी." आणि उठता उठता, "फळी उद्याच ठोका."

पण कहाणी इतकी सरळ कुठली! दादांनी वरच्या खिडकीतून वाकून फळी ठोकली, तरी आठवडाभरात तिच्या कडेवरून एक पिल्लू खाली पडलं. सिस्टरना ते अंगणात सापडलं. त्यांनी ते रुमालात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि दादांना बोलावणं धाडलं. दादा शिडी लावेपर्यंत ते गेलं. "इतकी वर्षं वॉर्डात काढली," त्या म्हणाल्या, "पण एवढं हलकं काही हातात गेलं नव्हतं."  दादा शिडीच्या खालच्या पायरीवर बसून राहिले. त्या दिवसापासून सिस्टर अंगणात खुर्ची टाकून बसू लागल्या; शेजारचं मांजर फिरकलं की काठी आपटत.

बाकीची पिल्लं उडाली. मंडळाची माणसं, शिंपी, सिस्टर सगळे रस्त्यात माना वर करून उभे होते. एकेक पिल्लू काठावर येई, मागे सरके, पुन्हा येई आणि अंग सोडून देई. पडलंच म्हणेपर्यंत पंख पसरत.

मग राहिला तो पट्टा. परांची नव्हती, भावाकडे मागायला जीभ रेटेना. दादांनी दोन शिड्या बांधून एक केली आणि कमरेला दोर लावून चढले. घरटी वगळून मधली मधली जागा रंगवत होते; रात्री मोठी पाखरं अजून तिथंच निजत. वाऱ्यानं शिडी हलू लागली. ते डोळे मिटून भिंतीला चिकटले. तेवढ्यात शिडी घट्ट झाली.

खाली पाहिलं, तर धाकटा. दोन्ही हातांनी शिडी धरून, मान खाली घालून.

"कुणी बोलावलं तुला?" दादांनी वरून विचारलं.

"वहिनीनं. पडून मेलास तर तिला तोंड कोण दाखवणार?" महिन्याभरात तो पहिल्यांदा बोलला होता. "आणि डाव्या बाजूला हात कमी पडलाय. इथून दिसतंय."

"तिथं घरटं आहे."

"घरट्याच्या अलीकडे म्हणतोय मी! नीट मार. धंद्याचं नाव घालवशील."

दादांनी ब्रश बुडवला आणि डावीकडे दुसरा हात मारला.