बघू डॉक्टरांचा खरबरीत स्क्रू

‘नक्की ना?’ असं विचारलं की बघू डॉक्टर हातातलं अवजार खाली ठेवून खरंच विचार करायला लागत. पेशंट तोंड उघडं ठेवून वाट बघे. मग उत्तर येई, ‘बघू.’ जालन्यात त्यांना याच नावाने ओळखत. समोरच्या काचेच्या दवाखान्यात दाताची आयुष्यभराची हमी मिळे. कोणाच्या आयुष्याची, हे कोणी विचारत नसे. आणि गर्दी तिकडेच असे.

माझी काकू मात्र इकडे आली. राजूरला गणपतीच्या देवळाजवळ तिचं नारळ-प्रसादाचं दुकान. एसटीतून उतरताना पडली आणि पुढचा दात गेला. तेव्हापासून ती तोंडाला पदर लावून बोले. पदर धरून भाव सांगता येतो, भांडता येत नाही. आणि न भांडता दुकान चालवणं तिला माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी तिच्यासमोर नमुन्याचा पांढरा सिरॅमिकचा स्क्रू धरला. हा हाडात बसवायचा, त्यावर दात. पण सिरॅमिक फार गुळगुळीत, हाड त्याला नीट धरत नाही. म्हणून कारखान्यात तो अ‍ॅसिडमध्ये ठेवून खरबरीत करतात. खड्डे इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. जन्मभर पितळ घासून लख्ख करणारी काकू बघतच राहिली.

“नवीकोरी चीज अ‍ॅसिडात घालून खराब करायची, अन् मंग आमच्या तोंडात?”

“मावशी, मीबी इथंच अडकून राह्यलो,” डॉक्टर खुशीत म्हणाले.

मग त्यांनी दोन कंपन्यांची माहितीपत्रकं वाचून दाखवली. एक म्हणे, जितकं खरबरीत तितकं हाड घट्ट धरतं. दुसरी म्हणे, अ‍ॅसिड जास्त झालं तर सिरॅमिकच कमजोर होतं. डॉक्टरांना दोन्ही पटत होतं. मला दोन्ही पटेनासं झालं. काकूने एवढंच विचारलं, टिकेल का? ‘बघू’ ऐकून मी तिला समोरच्या दवाखान्यात न्यायला उठलो, तर ती खुर्चीत जाऊन बसली. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

स्क्रू बसला, त्याचं टोक हिरडीबाहेर राहिलं आणि हाडाची वाट बघणं सुरू झालं. डॉक्टर दर चतुर्थीला एसटीने राजूरला येत. देवळात जात नसत. दुकानात स्टुलावर बसून दात बघायच्या आरशाच्या दांडीने त्या टोकावर टकटक करत आणि कान लावत; हाडाने धरलं की आवाज बदलतो, म्हणे. नारळ घ्यायला आलेले लोक काहीतरी विधी असेल म्हणून हात जोडत.

“आवाज बदलला का, मावशी?”

“डाक्टर तुम्ही का मी?”

“म्हणून तर इचारतो.”

अशा काही चतुर्थ्या गेल्या. एकदा त्यांनी चिमट्याने टोक धरून हलवून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग चिमटा मांडीवर ठेवला. काकूचा चेहरा उतरला.

“सुटला का?”

“न्हाई. बिलकुल हलत न्हाई. मला भेव वाटून राह्यलं.”

“आता कशाचं?”

“पुढच्या माणसाला मी नक्की म्हणून सांगंन.”

काकूने थोडा विचार केला. “मंग नका सांगू. चहा घ्या.”

वर दात बसला, पदर सुटला आणि राजूरच्या गिऱ्हाइकांचे वाईट दिवस सुरू झाले. वर्षभरात डॉक्टरांनी दवाखाना बंद केला; कंटाळून की भिऊन, कळलं नाही. कुठे गेले, तेही जो तो वेगळंच सांगतो. दात तपासायला काकू त्यांच्याशिवाय कोणापुढे तोंड उघडत नाही. म्हणजे आता कोणापुढेच नाही.