परक्या हातचं

सहदेवने दिवाळीत कळंबहून पिल्लू आणलं, धोतराच्या सोग्यात गुंडाळून. पाठीवर ठिपके होते, म्हणून त्याचं नाव पडलं चित्या.

"ह्यो काय राखण करतोय?" त्याची बायको इंदूबाई हसली. "चोर ह्यालाच खिशात घालून नेतील."

"येक धडा शिकिवतो. मग बघ."

कसला धडा, ते तिला विचारावं लागलं नाही. लढाई चालू होती, बाजारात तांदूळ मिळत नव्हता, आणि गावोगाव चोऱ्या वाढल्या होत्या. चोर आधी कुत्र्याला विष घातलेली भाकरी टाकत. त्यांचा म्हातारा कुत्रा भादव्यात असाच गेला होता. सकाळी गोठ्याचं दार सताड उघडं, शेळ्या नाहीत, आणि कुत्रा अंगणात ताठ पडलेला. सहदेवने त्याला स्वतः पुरलं. त्या दिवशी तो जेवला नव्हता.

म्हणून चित्याला एकच शिकवण. खायचं ते सहदेवच्या हातचं. दुसऱ्या कुणाचंही नाही.

तो शेजाऱ्यांना बोलावून आणी आणि भाकरीचा तुकडा पुढे करायला लावी. पिल्लाने मान पुढे केली की नाकावर चापट. मग स्वतः तुकडा देई आणि पाठ थोपटी. इंदूबाईलाही त्याने सोडलं नाही. तिने तुकडा धरला, चित्या शेपूट हलवत आला आणि चापट खाऊन मागे पडला.

"माज्या हातचं बी नको? मी काय चोर हाय?"

"तसं नाय गं. येक हात चालला की त्याला धा हात चालतात."

थोरली जाऊ चंद्राबाई कुडाजवळून बघत होती. ती म्हणाली, "भावजी, असंच चाललं तर उद्या तुमी बी बायकोच्या हातचं खायाचं सोडाल!"

सहदेव मोठ्याने हसला. इंदूबाई हसली नाही. घरातल्या मुक्या जिवाला आपल्या हाताची भीती वाटावी, हे तिला लागलं होतं.

मार्गशीर्षात एका पाहुण्याने चित्यापुढे मटणाचं हाड टाकलं. चित्याने हाडाकडे पाहिलं, मग सहदेवकडे, आणि तोंड फिरवलं. सहदेवची छाती फुगली. कितीतरी दिवस तो तेच सांगत होता.

पौषात एका सकाळी तो बैलांसाठी उडवीतून पेंढा ओढत होता. आत नाग होता. तो उजव्या हाताला चावला. थोरला भाऊ मालोजी याने कर्जतच्या दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपली. वाटेत सहदेव बोलत होता, बैलांना पाणी पाजा म्हणून सांगत होता. कर्जत यायच्या आतच त्याचं बोलणं थांबलं. गाडी तिथूनच मागे वळली.

इंदूबाई रडली नाही. बायका तिला हलवत होत्या, रड गं, रड, म्हणत होत्या. ती गाडीच्या चाकाकडे बघत बसली होती. सकाळी पेज पिऊन गेलेला माणूस दुपारी नसतो, हे तिच्या डोक्यात शिरतच नव्हतं.

मग केव्हातरी तिला चित्या दिसला. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. करवंटीतल्या भाताला मुंग्या लागल्या होत्या. तिने भाकरी कुस्करून पुढे केली. चित्याने नाक जमिनीला टेकवलं आणि डोळे गच्च मिटले. चापट येणार म्हणून. भुकेने त्याची लाळ गळत होती, पण तोंड उघडत नव्हतं.

माणूस मातीत गेला होता आणि त्याची चापट अजून घरात होती.

तिने खुंटीवरची सहदेवची बंडी काढली, घामाने पिवळी पडलेली, आणि लुगड्यावर चढवली. बाहीतून हात पुढे केला. चित्याने बाही हुंगली. एकदा, दोनदा. मग तो भाकरीवर तुटून पडला.

तेवढ्यात चंद्राबाई दारात आली. मेलेल्या दिराची बंडी घालून बसलेली जाऊ बघून ती आल्या पावली परत पळाली. संध्याकाळपर्यंत गावात झालं, इंदीच्या अंगात सहदेव आला म्हणून.

दहाव्याला नदीवर माणसं जमली. मेलेल्या माणसाचे अंगावरचे कपडे दहाव्यानंतर घरात ठेवायचे नाहीत, ही रीत. धाकट्या भावजयीशी थेट न बोलणं, हीही मालोजीची रीत. तो बायकोला म्हणाला, "तिला सांग, बंडी आन म्हनावं."

"बंडी देनार नाय," इंदूबाई पदराआडून म्हणाली.

"तिला सांग, लोक हसत्यात. बाईमानसानं बापयाचा कपडा घालायचा, त्यो बी मढ्याचा?"

"हसू द्या. बंडी गेली की कुत्रा मरंल. त्येनी जीव लावून शिकिवलाय. त्येंच्या मागं येवडंच ऱ्हायलंय माज्याजवळ."

मालोजी पाण्याकडे बघत राहिला. मग आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्याशी सरळ बोलला. "धोतर नि पागोटं नेतो. बंडी ऱ्हाऊ दे, पोरी."

ती घरी आली. बंडी अंगणात दोरीवर वाळत होती. पांढरीशुभ्र.

सुतक फिटताना घरातलं झाडून सगळं धुवायचं असतं. ते चंद्राबाईने सगळे नदीवर गेल्यावर मागे राहून धुऊन टाकलं होतं, गोधड्या, लुगडी, खुंटीवरचं सगळं. "तुला कशाला तरास म्हनून," ती म्हणाली. "राखंनं चांगली घासली गं."

इंदूबाईने ओली बंडी तशीच अंगात घातली. चित्याने बाही हुंगली. पुन्हा हुंगली. मग नाक जमिनीला टेकवून डोळे मिटले.

दोन दिवस तिने सगळं करून पाहिलं. सहदेवचं धुतलेलं घोंगडं अंगावर घेतलं, त्याच्यासारखी हाक मारली. चित्याला उभंही राहवेना. तीही जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी चंद्राबाई सुकटीचं कालवण आणि भात घेऊन आली. तिचे डोळे सुजले होते. "माज्या हातून घडलं," म्हणत ती चित्याजवळ बसली आणि भाताचा घास त्याच्या नाकाशी धरला. चित्याने डोळे मिटले. चापट आली नाही, सुकटीचा वास आला. त्याने एक डोळा उघडला, जीभ बाहेर काढली आणि घास चाटला. मग गिळला. मग दुसरा.

"खाल्लं गं बाय! खाल्लं! आता कुनाच्या बी हातचं खाईल बघ, जगलं!"

इंदूबाई भिंतीला टेकून बघत होती. कुणाच्याही हातचं.

मग तिच्या घशातून असा आवाज आला की रस्त्याने जाणारी माणसं थांबली. मालोजी धावत आला. नवरा आताच गेल्यासारखी ती रडत होती, छाती बडवून, नाव घेऊन. चंद्राबाई खरकट्या हाताने तिला धरत होती, आणि चित्या तो हात चाटत होता.